अंकांचा मूक उच्चार : ‘फ्राउ इम मोंड’ (१९२९) आणि बोलपटाचा उंबरठा

‘मूकपट’ ही संज्ञा नंतरची आहे. बोलणारा चित्रपट अस्तित्वात येईपर्यंत न बोलणाऱ्या चित्रपटाला निराळे नाव देण्याची गरज कोणाला भासली नव्हती. तो केवळ चित्रपट होता. नामकरणाच्या या उलट्या क्रमातच एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. ज्याला ‘मूक’ म्हटले त्याच्या ठायी वाचेचा अभाव गृहीत धरला जातो, आणि पुढील इतिहास हा त्या अभावाच्या पूर्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. चित्रपटाच्या बहुतेक इतिहासग्रंथांची १९२७ ते १९३१ या वर्षांविषयीची मांडणी याच पद्धतीची आहे. तंत्र आले, प्रेक्षक आले, जुने गेले. या मांडणीत न बसणाऱ्या कृती एकतर ‘उशिरा आलेल्या’ ठरतात किंवा ‘हटवादी’. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘फ्राउ इम मोंड’ हा विज्ञानपट या दोन्ही विशेषणांचा धनी झालेला आहे. त्यातील एका छोट्या प्रसंगाचे वाचन केले, तर अभावपूर्तीच्या या कथेविषयी शंका घेण्यास पुरेसे कारण सापडते.

हा चित्रपट १५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनमधील ‘उफा पालास्ट आम झू’ या चित्रगृहात प्रथम दाखवला गेला. तत्पूर्वी जून महिन्यात ‘द सिंगिंग फूल’ हा अमेरिकन बोलपट बर्लिनकरांनी पाहिला होता. ‘उफा’ या बलाढ्य जर्मन चित्रसंस्थेने नॉयबाबेल्सबर्ग येथे ध्वनिमुद्रणाची नवी चित्रालये त्याच वर्षी उभारली होती. त्या संस्थेचा पहिला संपूर्ण बोलपट ‘मेलोडी डेस हेर्त्सेन्स’ १६ डिसेंबर १९२९ रोजी झळकला. ‘फ्राउ इम मोंड’मध्ये चंद्रावर जाणाऱ्या हेलियसची भूमिका करणारा विली फ्रिट्श हाच त्या बोलपटाचाही नायक होता. म्हणजे अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने त्याच प्रेक्षकांनी त्याच नटाला एकदा ओठ हलवताना पाहिले आणि एकदा बोलताना, गाताना ऐकले. संक्रमणकाळ हा शब्द एरवी सैलपणे वापरला जातो. येथे त्याचा अर्थ आठवड्यांत मोजता येतो.

तयार होत असलेल्या चित्रपटात ध्वनी घालावा, निदान अग्निबाणाच्या उड्डाणाचा आवाज तरी असावा, असा ‘उफा’चा आग्रह होता आणि आपण तो साफ नाकारला, असे लांग यांनी पुढे अनेकदा सांगितले. चित्रपटाची लय त्यामुळे मोडली असती, हे त्यांनी दिलेले कारण. लांग हे स्वतःविषयीच्या कथा रंगवून सांगण्यात तरबेज होते. १९३३ मध्ये गोबेल्सच्या भेटीनंतर त्याच रात्री जर्मनी सोडल्याची त्यांची प्रसिद्ध हकिकत पुढे अभ्यासकांनी त्यांच्या पारपत्रावरील नोंदींच्या आधारे फेटाळली आहे. त्यामुळे नकाराची ही कथाही जशीच्या तशी स्वीकारणे अवघड आहे. परंतु दोन गोष्टी निर्विवाद आहेत : चित्रपट ध्वनीविना प्रदर्शित झाला, आणि लांग यांनी यानंतर ‘उफा’साठी त्या काळात एकही चित्रपट केला नाही. हट्ट असो वा विचार, त्याचा परिणाम पडद्यावर उपलब्ध आहे आणि समीक्षेने त्याच्याशीच व्यवहार करायचा असतो.

या काळातील इतर विज्ञानपटांनी काय केले, हे थोडक्यात पाहणे येथे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत एम.जी.एम. या संस्थेचा ‘द मिस्टीरियस आयलंड’ १९२६ पासून रखडत, दिग्दर्शक बदलत १९२९ मध्ये पूर्ण झाला तेव्हा त्यात संवादांचे तुकडे जोडण्यात आले; त्यामुळे त्यातील पात्रे काही काळ बोलतात आणि मग पुन्हा मूक होतात. ब्रिटनमध्ये मॉरिस एल्व्ही यांचा ‘हाय ट्रीझन’ मूक आणि बोलका अशा दोन्ही रूपांत निघाला. १९३० चा ‘जस्ट इमॅजिन’ १९८० सालचे न्यूयॉर्क दाखवतो, पण तो मुळात गाण्यांचा विनोदी खेळ आहे. भविष्यकाळाचे चित्रण करणाऱ्या या कृतींना वर्तमानातील एका यंत्राने, ध्वनिमुद्रकाने, गोंधळात टाकले होते, हे त्यांच्याकडे पाहताना सतत जाणवते. लांग यांच्या चित्रपटात असा गोंधळ नाही. त्याचे दोष आहेत. ते वेगळे आहेत.

ते दोष आधी नोंदवलेले बरे. चित्रपट सुमारे १६९ मिनिटांचा आहे आणि त्याचा पूर्वार्ध हेरकथेच्या वळणाने रेंगाळतो. चंद्रावर सोने आहे असे प्रतिपादन केल्यामुळे विद्वत्सभेत हास्यास्पद ठरलेला वृद्ध प्राध्यापक मानफेल्ट, त्याच्यावर श्रद्धा असलेला हेलियस, त्या सोन्यावर डोळा ठेवून असलेले भांडवलदार आणि त्यांचा हस्तक टर्नर, हेलियसचा सहकारी विंडेगर आणि त्याची वाग्दत्त वधू फ्रीडे, जिच्यावर हेलियसचेही मूक प्रेम आहे. हा सारा ऐवज त्या काळच्या लोकप्रिय कादंबरीतून उचललेला वाटतो, आणि तो तसा आहेही. टेआ फॉन हार्बू यांनी १९२८ साली याच नावाची कादंबरी प्रसिद्ध केली होती आणि पटकथाही त्यांचीच होती. चित्रपटाच्या नावातही एक लोककल्पना दडलेली आहे. मराठी मुलाला चंद्रावर ससा किंवा हरीण दिसते. जर्मन मुलाला तेथे एक माणूस दिसतो, ‘डेर मान इम मोंड’. त्या माणसाच्या जागी स्त्री बसवून हार्बू यांनी शीर्षक साधले. फ्रीडे या नावाचा अर्थ शांतता, आणि अग्निबाणाचे नावही तेच. प्रतीकयोजना इतकी उघड आहे की तिच्यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

हार्बू यांचा भारताशी असलेला संबंध मराठी वाचकाला ठाऊक असण्याचा संभव आहे. त्यांची ‘डास इंडिशे ग्राबमाल’ ही कादंबरी १९१८ ची, भारत प्रत्यक्ष न पाहता लिहिलेली. लांग यांच्यापासून विभक्त झाल्यावर त्यांच्या आयुष्यात आलेले आयी तेंडुलकर हे बेळगाव परिसरातले मराठी पत्रकार होते. त्या दोघांचा विवाह गुप्तपणे झाला. तेंडुलकर भारतात परतले आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले. हार्बू मात्र जर्मनीतच राहिल्या आणि नाझी राजवटीतील चित्रव्यवसायात लिहीत राहिल्या. या दोन वाटांची सांगड कशी घालायची, हा प्रश्न चरित्रकारांचा. ‘फ्राउ इम मोंड’पुरते महत्त्वाचे एवढेच की त्यातील मजकुराच्या पाट्यांमागे एक सराईत कादंबरीकार उभी आहे.

मूकपटातील मजकुराच्या पाटीकडे समीक्षेने फारसे आदराने पाहिलेले नाही. शुद्ध चित्रभाषेचा आग्रह धरणाऱ्यांना ती चित्रप्रवाहातील अडथळा वाटली. १९२० च्या दशकातील काही जर्मन दिग्दर्शकांनी ती जवळजवळ हद्दपार करून पाहिली, आणि त्या प्रयत्नाचे कौतुकही झाले. उलट बोलपटवाद्यांना ती वाचेची गरीब प्रतिनिधी वाटली : तोंडाने बोलता येत नाही म्हणून लिहून दाखवावे लागते, एवढेच तिचे प्रयोजन. दोन्ही पक्ष विरोधी असले तरी पाटी हे एक उसने साधन आहे, यावर त्यांचे एकमत आहे. ‘फ्राउ इम मोंड’मधील उड्डाणाचा प्रसंग नेमका या एकमताला छेद देतो.

प्रसंग असा. अग्निबाण एका उंच इमारतीत उभा जोडलेला आहे. रात्रीच्या वेळी, शोधदीपांच्या झोतांत, तो रुळांवरून अत्यंत संथपणे बाहेर येतो. सभोवार अफाट जनसमुदाय आहे. येथे लांग एका माणसाला ध्वनिक्षेपकासमोर उभे करतात. पात्रसूचीत त्याला नाव नाही, ‘मायक्रोफोनवरचा माणूस’ एवढीच त्याची ओळख; ही भूमिका कार्ल प्लाटेन या नटाने केली आहे. तो नभोवाणीवरून उड्डाणाचे वर्णन जगाला ऐकवतो आहे, उत्साहाने हातवारे करतो आहे, आणि प्रेक्षकाला त्यातला एकही शब्द ऐकू येत नाही. ज्या वर्षी चित्रसंस्था ध्वनिक्षेपकापुढे हात जोडून उभ्या होत्या, त्या वर्षी लांग यांनी ध्वनिक्षेपकाला पडद्यावर आणून मूक केले. हे हेतुपुरस्सर होते की नाही याचा निर्णय करण्याची गरज नाही. चित्रपटाच्या संहितेत आवाज आहे, तो प्रसारितही होतो आहे. फक्त तो प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाही.

मग कॅमेरा यानाच्या आत जातो. प्रवासी आडव्या शय्यांवर बांधल्यासारखे पडून आहेत. हेलियसची नजर घड्याळावर, हात तरफेवर. पाटी येते : अजून दहा सेकंद. चेहरे. पुन्हा पाटी : अजून सहा सेकंद. आणि मग केवळ अंक, पाच, चार, तीन, दोन, एक. शेवटी एकच शब्द, ‘येत्स्ट’, म्हणजे ‘आता’. तरफ ओढली जाते.

आज या गणतीत नवल वाटत नाही, कारण पुढील अवकाशयुगाने ती अंगवळणी पाडली आहे. म्हणून तिच्या आधीची परंपरा आठवावी लागते. ज्यूल व्हर्न यांच्या १८६५ च्या चांद्रकादंबरीतही तोफ डागण्याचा क्षण गणतीने गाठला जातो, परंतु तेथे मर्चिसन हा अभियंता कालमापकाकडे पाहत सेकंद चढत्या क्रमाने मोजतो. पस्तीस, छत्तीस असे करत तो चाळीसला येतो आणि आज्ञा देतो. ही गणती समजण्यासाठी वाचकाने चाळीस ही मर्यादा आधीच लक्षात ठेवलेली असावी लागते. अंक स्वतः काही सांगत नाहीत; चाळीसनंतर एकेचाळीस येण्यास भाषेची काहीच हरकत नसते. उतरत्या गणतीत अंकांचे स्वरूपच पालटते. ‘तीन’ म्हणजे मोजून झालेले तीन सेकंद नव्हेत, उरलेले तीन. प्रत्येक अंक शेवटाकडे बोट दाखवतो आणि त्याच्यापुढे जाण्यास जागा नसते. सरळ मोजले असते तर प्रेक्षकाला उड्डाण केव्हा होणार ते कळले नसते, उलट मोजले तर कळते, असे लांग यांनी नंतर या क्लृप्तीचे स्पष्टीकरण दिले. उतरती गणती सर्वथा त्यांचीच निर्मिती होती का, याबद्दल वाद होऊ शकेल. अग्निबाणाच्या उड्डाणाशी तिची गाठ या चित्रपटाने घातली, याबद्दल सहसा वाद होत नाही.

परंतु लांग यांचे स्पष्टीकरण अपुरे आहे. ते उत्कंठेचे तंत्र सांगते; ते तंत्र मूकपटात का जन्मले, हे सांगत नाही. बोलपटात हेलियसने हे अंक उच्चारले असते. उच्चार चित्राच्या सोबतीने चालतो : चेहरा दिसत असतानाच शब्द ऐकू येतो आणि दोन्ही मिळून एकच काळ व्यापतात. मजकुराची पाटी मात्र चित्राला बाजूला सारून येते. ती पडद्यावर असते तेव्हा वक्त्याचा चेहरा पडद्यावर नसतो. प्रत्येक अंकापाशी कथेतील जग क्षणभर नाहीसे होते आणि उरतो फक्त काळ, अक्षररूपात. शिवाय पाटी किती वेळ ठेवायची हे संकलकाच्या हाती असल्यामुळे पडद्यावरचे सेकंद घड्याळातील सेकंदांशी बांधील राहत नाहीत. चेहरे आणि अंक यांच्या आलटापालटीतून ते लांबवता येतात. ध्वनिमुद्रित उच्चाराला, निदान १९२९ च्या तंत्रात, एवढी लवचीकता नव्हती. लांग यांनी ज्या लयीचा हवाला देऊन ध्वनी नाकारला, ती हीच असावी.

बोरिस आइखेनबाउम या रशियन रूपवादी समीक्षकाने १९२७ मध्ये मांडलेली ‘आंतरिक भाषणा’ची कल्पना येथे मदतीला येते. मूकपटाचा प्रेक्षक भाषेविना नसतो. सुट्या दृश्यांची संगती लावताना तो मनातल्या मनात सतत भाषण करीत असतो, आणि त्या भाषणावाचून चित्रपट समजूच शकत नाही, असे आइखेनबाउमचे प्रतिपादन होते. या दृष्टीने पाहिल्यास मूकपट शब्दहीन नव्हे, केवळ उच्चार प्रेक्षकावर सोपवणारा ठरतो. ‘फ्राउ इम मोंड’मधील अंक हे या सिद्धांताचे इतके चपखल उदाहरण आहे की ते त्यासाठीच रचल्यासारखे वाटावे. पडद्यावर ‘४’ हे चिन्ह दिसते. ते कोणाच्याही आवाजात दिसत नाही. चित्रगृहातील प्रत्येक जण ते आपल्या आवाजात, आपल्या भाषेत उच्चारतो, ओठ हलोत वा न हलोत. मायक्रोफोनवरच्या माणसाचा आवाज काढून घेतला तो रिकामा अवकाश प्रेक्षकाच्या गणतीने भरला जातो. उड्डाणाची आज्ञा अखेरीस हेलियस देत नाही, सभागृह देते.

‘आपल्या भाषेत’ हे शब्द वर सहज आले, पण त्यांतही एक इतिहास आहे. मजकुराच्या पाट्या बदलल्या की मूकपट कोणत्याही देशात जाऊ शकत होता. बोलपटाने ही सोय संपवली. १९३२ साली ‘उफा’ने ‘एफ.पी.१’ हा समुद्रावरील तरंगत्या विमानतळाचा विज्ञानपट केला तो जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन आवृत्त्यांत, निरनिराळे नट घेऊन. त्या पार्श्वभूमीवर अंकांची पाटी ही भाषांतराचीही गरज नसलेली पाटी आहे. अंक हे अक्षर असते आणि चित्रही. वाचता येते आणि नुसते पाहताही येते. केवळ शेवटचा ‘येत्स्ट’ भाषेच्या सीमेत परत येतो. संपूर्ण गणतीत ‘शून्य’ नाही, याकडे येथे लक्ष वेधले पाहिजे. पुढील काळातील उड्डाणांत शून्य हा अंक आला. लांग यांच्याकडे त्याच्या जागी कालवाचक क्रियाविशेषण आहे. अंकांची मालिका ज्या बिंदूवर संपते तेथे संख्या नसून वर्तमानकाळ आहे, ही सूक्ष्मता बोलपटाच्या युगात हरवली.

चित्रपटाच्या वैज्ञानिक अचूकतेविषयी बरेच लिहिले गेले आहे. हेरमान ओबेर्थ हे त्याचे सल्लागार होते. त्यांच्या १९२३ च्या ग्रंथाने जर्मनीत अग्निबाणविद्येची लाट आणली होती आणि १९२९ साली निघालेला त्याचा विस्तार त्यांनी लांग व हार्बू यांनाच अर्पण केला. अनेक टप्प्यांचा अग्निबाण, वजनरहित अवस्थेत पाय अडकवण्यासाठी पट्टे, तरंगणारे द्रवाचे थेंब, हे सारे त्यांच्याकडून आलेले. प्रदर्शनाच्या प्रसिद्धीसाठी खरा अग्निबाण उडवण्याची योजना मात्र फसली. एका स्फोटात ओबेर्थ स्वतः जखमी झाले. असे असूनही चंद्रावर पोहोचताच चित्रपट विज्ञानाला रजा देतो. मानफेल्ट काडी पेटवून पाहतो, ती जळते, आणि तो शिरस्त्राण काढून टाकतो. चंद्राच्या पलीकडच्या बाजूस हवा असावी, या पेटर आंद्रेआस हान्सेन या एकोणिसाव्या शतकातील खगोलज्ञाच्या जुन्या, कधीच बाद झालेल्या तर्काचा हा आधार. समीक्षकांनी याला लोकानुनय म्हटले आहे. त्याचे कारण चित्रभाषेतही शोधता येते. मूकपटाचा सारा अभिनय चेहऱ्यावर उभा असतो. शिरस्त्राणाआड गेलेला चेहरा म्हणजे मूकपटात खरोखरीचे मौन, आणि पुढे प्राणवायू अपुरा पडल्यावर मागे कोणी राहायचे याचा निर्णय, हेलियसची फसवणूक, फ्रीडेचे मागे थांबणे, हे सगळे चेहऱ्यांनीच सांगायचे होते. चंद्रावर हवा आहे ती श्वासासाठी कमी आणि मुद्राभिनयासाठी अधिक. तरीही हा भाग फिका पडतो, हे मान्य करावे लागेल. उड्डाणात जे अंकांनी साधले ते येथे अश्रूंनी साधत नाही.

उड्डाणाच्या त्या प्रसंगाचे पुढे काय झाले, हा इतिहास निर्मळ नाही. ओबेर्थ यांच्या भोवती जमलेल्या तरुणांत वेर्नहेर फॉन ब्राउन होते. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथून व्ही-२ या अस्त्राचे पहिले यशस्वी उड्डाण झाले तेव्हा त्याच्या तळाशी ‘फ्राउ इम मोंड’चे चिन्ह रंगवलेले होते, चंद्रकोरीवर बसलेली स्त्री. या अस्त्रांच्या निर्मितीत मिटेलबाऊ-डोरा छावणीतील वेठबिगार कैदी हजारोंच्या संख्येने मेले. शांततेचे नाव दिलेल्या कल्पित अग्निबाणाचे हे वंशज. चित्रपटाला यासाठी जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. मात्र उत्कंठेची एक रचना, जी मुळात सभागृहातील अनामिकांना एका क्षणासाठी एकत्र उच्चार करायला लावत होती, ती आज्ञेची रचना किती सहज होऊ शकते, हा प्रश्न टाळताही येत नाही. प्रेक्षक मनात मोजतो तेव्हा तो सहभागी असतो. ध्वनिवर्धक मोजतो तेव्हा तो श्रोता असतो. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो-११ च्या उड्डाणाआधीची गणती जगाने ऐकली. मायक्रोफोनवरच्या माणसाला त्याचा आवाज परत मिळाला होता.

लांग यांनी स्वतः ध्वनीला कायमचा विरोध केला नाही. त्यांचा पहिला बोलपट ‘एम’ ११ मे १९३१ रोजी त्याच ‘उफा पालास्ट आम झू’मध्ये प्रदर्शित झाला, संस्था मात्र दुसरी होती, सेमूर नेबेन्झाल यांची नेरो-फिल्म. त्याची सुरुवात अंधाऱ्या पडद्यावर होते. चित्र दिसण्यापूर्वी एका लहान मुलीचा आवाज ऐकू येतो. मग चाळीसारख्या वस्तीचे अंगण दिसते. मुले रिंगण करून उभी आहेत, मधोमध उभी असलेली मुलगी खुन्याविषयीचे एक गाणे म्हणत एकेकाकडे बोट दाखवते आहे, आणि ज्याच्यावर गाणे संपेल तो बाद होतो आहे. वरच्या सज्जातून एक बाई ओरडून ते गाणे बंद करायला सांगते. मुले क्षणभर थांबतात आणि ती आत वळताच पुन्हा सुरू करतात.